देवाशी अबोला

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, कारण ज्यांना ठाऊक होतं त्यांनी सांगितलं नाही आणि जे सांगतात त्यांना ठाऊक नाही. एवढं खरं, की तळकोकणातल्या शिरसुंडे गावात तेव्हा गुरवाचं एकच घर होतं, आणि त्या घरात पुनाजी गुरव, त्याची बायको भामा आणि त्यांची एकुलती एक लेक चंपा अशी तीन माणसं राहत होती.

गावचा देव गांगोबा. देव म्हणजे एक काळा, गोल पाषाण. चार गड्यांनी हात लावला तरी हलायचा नाही, असं म्हणतात. पुनाजी त्याला रोज पहाटे न्हाऊ घालायचा, गंध लावायचा, दिवा लावायचा, ढोल वाजवायचा. हे तर सगळेच गुरव करतात. पण मार्गशीर्षाची थंडी पडली की पुनाजी देवाला गार पाणी घालत नसे. घरून तांब्याच्या हंड्यात ऊन पाणी घेऊन जायचा. लोक हसायचे. दगडाला कसली आलीय थंडी, म्हणायचे. पुनाजी म्हणायचा, मला वाजते तर त्याला वाजणारच.

आणि जसा देवाचा, तसाच घराचा. चंपा लहान असताना तिला खांद्यावर बसवून ढोल वाजवायचा. नारळ फुटला की पहिलं शकल भामेच्या हातावर. विहिरीवरून पाणी आणायला बायकोबरोबर जायचा, आणि त्या काळी पुरुषानं डोक्यावर घागर घेणं म्हणजे नाक कापून घेणंच होतं. गावात म्हण पडली होती, 'गुरव देवाचो, पन भगत बायलेचो.' पुनाजीला ती ऐकू यायची. तो घागर खाली ठेवायचा नाही.

भामा मात्र तिखट होती. तिला देवाचा धाक होता, देवाच्या माणसांचा नव्हता. गावकार विसाजी, म्हणजे गावचा मोठा मानकरी, देवळाच्या पायरीवर बसून उंटावरून शेळ्या हाकायचा, आणि भामा त्याच्यासमोरून जाताना पदर सावरायची पण पाऊल आवरायची नाही. विसाजीनं ते मनात ठेवलं होतं, असं म्हणतात.

आता शिरसुंडेची एक रीत होती. काही वर्षांनी एकदा गावपळण व्हायची. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायचा आणि कौल मागायचा. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. होय आलं की सगळा गाव तीन रात्री वेशीबाहेर. माणसं जायची, गुरं जायची, कुत्री-मांजरं जायची, टोपलीखाली झाकून कोंबडीची पिलं जायची. चुली विझवायच्या, दारं उघडी टाकायची आणि व्हाळ, म्हणजे वेशीचा ओढा, ओलांडून पलीकडच्या माळावर माडाच्या विणलेल्या झापांच्या खोपी उभारायच्या. गावात जिवंत असं काही मागे ठेवायचं नाही. का, ते कुणालाच धड सांगता येत नसे. कुणी म्हणे भुतं उतरतात, कुणी म्हणे जमिनीला श्वास घ्यायचा असतो. मागे राहायचा तो फक्त देव. आपल्या गाभाऱ्यात, आपल्या छपराखाली.

त्या वर्षी मार्गशीर्षात कौल मागितला. पुनाजीनंच पाकळ्या लावल्या. विसाजीनं गाऱ्हाणं घातलं, पुरुषांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ दिली आणि उजवी पाकळी पडली. दिवस ठरला. पुनाजी आनंदानं घरी आला. चंपा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती, पण तिला अजून महिना होता. माळावर मोकळी हवा खाईल पोर, असं तो म्हणाला.

पोटातल्या बाळाला कौल कुणी सांगितला नव्हता. गाव निघायचा त्याच्या आदल्या पहाटे चंपा बाळंत झाली. मुलगी झाली, मूठभर, महिनाभर आधी आलेली. चंपेचं रक्त फार गेलं. वैजिणीनं, म्हणजे सुईणीनं, हात धुतले आणि भामेला बाजूला घेऊन सांगितलं, की हिला या खोलीतून हलवू नको, शेक चालू ठेव, वारा लागू देऊ नको.

भामा पुनाजीला म्हणाली, "जावा, गावकाराक सांगा. आमी रवतंव. बाळंतीण हालवची नसता."

पुनाजी गेला. विसाजी पायरीवरच होता. त्यानं ऐकून घेतलं आणि सुपारी कातरत म्हणाला, "कौल झालो तो झालो. एक घर रवला तर पळण मोडली. मगे गुरां मेली, पीक गेला, तर कोणाच्या नावान रडाचा?"

"मगे परत कौल लावया," पुनाजी म्हणाला. "देवाकच इचारूया. तो नाय म्हणाचो नाय."

विसाजी हसला. "लावतलो कोण? तू? तुज्या घरात सोयेर आसा. तुका देवळाच्या उंबऱ्याक पाय लावूक गावाचो नाय."

झालं. मूल जन्मलं की घराला सोयर लागतं, काही दिवस देवाला शिवायचं नाही. गावात गुरवाचं एकच घर, आणि त्याच घरात सोयर. म्हणजे ज्या बाळासाठी देवाला विचारायचं, त्या बाळामुळेच देवाला विचारता येईना. एवढी साधी गोष्ट त्या भरल्या देवळात एकाही शहाण्याच्या डोक्यात शिरली नाही. शिरली असेल तर तोंडातून बाहेर आली नाही. सगळे पुरुष माना डोलावत उभे होते. राग येतो तो विसाजीचा नाही. विसाजी गावोगाव असतात. राग येतो तो त्या डोलणाऱ्या मानांचा.

पुनाजीनं हात जोडले आणि परत आला. भामेला म्हणाला, "भामे, देव बघता आसा. तो काय आंधळो नाय. इतकी वर्सां त्येची सेवा केलंय, तो आपल्या चेडवाक, चंपेक सांबाळतलो."

"बघता तर बघांदे," भामा म्हणाली. "बाळंतीण हालवची नाय, ह्यां माका देवान नाय, माज्या आयेन सांगल्यान."

पण ती ओरडली नाही. दुसऱ्या सकाळी निघायची वेळ झाली तेव्हा अख्खा गाव दारात उभा होता. भामेला पुढे आयुष्यभर त्याच गोष्टीचा राग येत राहिला, की त्या सकाळी ती ओरडली नाही.

पुनाजीनं बाज उलटी करून तिची डोली केली, घरात होती नव्हती ती सगळी पांघरुणं घातली आणि लेकीला व्हाळापलीकडे नेलं. बाळ भामेच्या छातीशी बांधलेलं. मागे चूल विझवलेली, दार सताड उघडं. पुनाजीनं देवळाकडे वळून नमस्कार केला. भामेनं केला नाही.

माळावर जत्राच होती. कुणी कोंबडा कापला, कुणी फुगड्या घातल्या, पोरं आट्यापाट्या खेळली. गुरवाची खोपी तेवढी एका टोकाला, सोयर म्हणून दूर. झापांच्या फटींतून खाडीवरचा वारा शिरायचा आणि पहाटे दंव पडायचं ते आतल्या पांघरुणापर्यंत झिरपायचं. भामा विस्तव पेटवायची, वारा विझवायचा. चंपेला ताप भरला. पुनाजी तिच्या उशाशी बसून देवाचं नाव घेत होता आणि तिचे पाय चोळत होता, दोन्ही एकाच वेळी.

चंपा एकच सारखं म्हणत होती. "आये, माका घराक व्हर."

घर दिसत होतं. व्हाळापलीकडे माडांतून त्यांच्या घराचं कौलारू छप्पर स्पष्ट दिसत होतं, आणि उघडं दार वाऱ्यानं आपटलेलं ऐकू यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी, माळावरच्या बायका भाकऱ्या थापत होत्या तेव्हा, चंपा गेली.

विसाजी आला, पण लांब उभा राहिला. म्हणाला, मसण वेशीच्या आत आहे, तिथे आत्ता जाता येणार नाही, व्हाळाच्या अलीकडेच दहन करा. देवाची इच्छा, असंही म्हणाला. जी माणसं दुसऱ्याच्या घरातलं मढं उचलताना देवाची इच्छा म्हणतात, त्यांच्या जिभेला काहीच का होत नाही हे आजवर कुणाला कळलेलं नाही.

चंपेच्या सासरी निरोप पोचायलाच दोन दिवस लागले असते, म्हणून पुनाजीनंच लेकीला व्हाळाच्या काठी अग्नी दिला. रडला नाही. तोंडातून देवाचं नाव यायचं ते थांबलं होतं. चिता धगधगत असतानाच तो उठला आणि व्हाळात उतरला. गाव ओरडला, पुनो, थांब, पळण मोडता. तो थांबला नाही. भामेनं बाळ पोटाशी घट्ट बांधलं आणि त्याच्या मागोमाग पाण्यात पाय घातला. बाकी सगळे व्हाळाच्या काठाशी अडले. जणू पाण्याला दार होतं.

असं म्हणतात, की त्या दुपारी गावात पानसुद्धा हलत नव्हतं. घरं उघडी, अंगणं ओस, कावळा नाही की चिमणी नाही. भामेला स्वतःच्या पावलांचा आवाज परका वाटला. पुनाजी सरळ देवळात शिरला. अंगावर सोयर, वर सुतक, हाताला चितेची राख. उंबरा ओलांडून गाभाऱ्यात गेला आणि पाषाणासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग त्यानं गाऱ्हाणं घातलं. त्याचा आवाज देवळातून निघून व्हाळापर्यंत गेला आणि पलीकडच्या प्रत्येक माणसाला त्यातला शब्द न् शब्द ऐकू आला, असं म्हणतात.

"बा देवा गांगोबा म्हाराजा. आज ह्यो पुनो गुरव तुज्या म्होरां हुबो आसा. आंगोळ करूक नाय, फूल हाडूक नाय. इटाळ लागता आसलो तर लागांदे. इतकी वर्सां तुका न्हाणयलंय. थंडीच्या दिसात तुका गार पाणी कदी घालूक नाय. कित्याक? तुका थंडी वाजात म्हणान. आनि माज्या चेडवाक तू दंवात निजयलंस. खरां काय खोटां?"

गाऱ्हाण्यात इथे पुरुषांनी साथ द्यायची असते. व्हाळाच्या काठावर अख्ख्या गावचे पुरुष उभे होते. एकाचंही तोंड उघडलं नाही.

"तू मानसांका भायर काडतंस. ढोरांका भायर काडतंस. कोंबयेच्या पिलाक पन आत ठेयनस नाय. आनि तू एकटो छपराखाली बसतंस. तुका घर होया, तिका नको? खरां काय खोटां?"

गाऱ्हाण्याला बायकांनी कधी साथ दिली नव्हती. बायकांनी मागे उभं राहायचं, प्रसाद घ्यायचा आणि घरी जायचं, अशी रीत होती. भामा देवळाच्या दारात उभी होती. तिच्या छातीत दोन दिवसांचा राग साठला होता, देवावरचा, गावावरचा, या भोळ्या नवऱ्यावरचा आणि स्वतःवरचा. तिनं बाळाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, "व्हय म्हाराजा."

पुनाजीनं वळून तिच्याकडे पाहिलं. मग खाली वाकला आणि चार गड्यांना न हलणारा तो पाषाण त्यानं उचलला. लहानपणी झोपलेल्या चंपेला उचलायचा तसाच उचलला, मानेखाली हात घालून. देवाला घेऊन तो देवळातून बाहेर पडला, उघड्या दारांच्या मधून चालत गेला, व्हाळ ओलांडला आणि गर्दीतून वाट काढत आपल्या खोपीत शिरला. चंपा जिथे निजली होती त्याच ओल्या जमिनीवर त्यानं देवाला ठेवलं.

"आता तू हय नीज," तो म्हणाला. हे त्याचं देवाशी शेवटचं बोलणं.

संध्याकाळी वारा सुटला. बाळ निळं पडू लागलं. भामेनं पांघरुणं घातली, विस्तव घातला, स्वतःच्या अंगाची ऊब दिली, तरी बाळाचे पाय गारच. त्या धांदलीत तिचा हात पाषाणाला लागला आणि तिनं तो झटकन मागे घेतला. दगड तापला होता. चंपेच्या कपाळाचा जसा चटका बसत होता, अगदी तसाच. भामेनं क्षणभरही विचार केला नाही. बाळाला कापडात गुंडाळून तिनं देवाला टेकवून निजवलं. पाषाण उजाडेपर्यंत तसाच फणफणत राहिला आणि त्याच्या कडेला ती मूठभर पोर गुलाबी झाली, असं म्हणतात. सकाळी विसाजी आत आला आणि त्यानं देवाला हात लावून पाहिला. त्याच्या तळव्याला फोड आला तो मरेपर्यंत गेला नाही, असंही म्हणतात. एका धनगरणीनं शेळीचं दूध आणून दिलं. पोर जगली आणि आजोळीच वाढली. तिचं नाव राही.

गाव परत निघाला तेव्हा विसाजी हात जोडून म्हणाला, "पुनो, देवाक आत घेवन चल."

पुनाजीनं राहीला उचललं, भामेचा हात धरला आणि चालू लागला. देव वेशीबाहेरच राहिला. मागाहून चार गडी गेले, आठ गेले, दोर लावले, पहारी लावल्या. पाषाण हलला नाही.

आता कुणाला वाटेल, पुनाजीनं देव सोडला. तसं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो रोज पहाटे हंडाभर ऊन पाणी घेऊन व्हाळापलीकडे जायचा. देवाला न्हाऊ घालायचा, गंध लावायचा, दिवा लावायचा. पूजा एक दिवस चुकली नाही. पण तोंडातून शब्द नाही, ना मंत्र, ना नाव. घरातलं माणूस रागावलं की जेवायला वाढतं पण बोलत नाही, तसा त्यानं देवाशी अबोला धरला. घरी मात्र तो बोलायचा, राहीला खांद्यावर घ्यायचा, भामेबरोबर पाण्याला जायचा. आता घागर बघून कुणी हसत नसे. भामा कधी चिडून म्हणायची, टाका सोडून त्या दगडाला. पुनाजी म्हणायचा, "टाकूक येता तर राग कित्याक धरलो असतंय?"

काही वर्षांनी पुन्हा गावपळणीची वेळ आली. सगळा गाव वेशीबाहेर देवाभोवती जमला. पुनाजीनं मुकाट्यानं पाकळ्या लावल्या. विसाजीनं गाऱ्हाणं घातलं, पुरुष 'व्हय म्हाराजा' म्हणाले. पाकळ्या हलल्या नाहीत. उजवी नाही, डावी नाही. विसाजी घसा बसेपर्यंत ओरडला, पुरुष ओरडले, पाकळ्या उन्हानं वाळून दगडाला चिकटल्या. देव बोलेना. पुनाजीसारखाच तोही अबोला धरून बसला होता.

तेव्हा मागच्या बायकांतून भामा पुढे आली. देवाकडे नाही, बायकांकडे तोंड करून तिनं विचारलं, "कोणाच्या घरात हालवची नाय अशी कोण आसा?"

मग एक म्हणाली, माझी सासू आंधळी आहे. एक म्हणाली, माझी जाऊ सातव्या महिन्यात अंथरुणाला खिळली आहे. एकीनं नुसताच हात वर केला आणि रडली. विसाजी मध्ये बोलायला गेला. भामेनं त्याच्या तळव्याकडे नुसतं पाहिलं, तसा तो मूठ मिटून मागे सरला.

"त्या घरां रवतली. चूल पेटती ठेवन रवतली," भामा म्हणाली. "आनि बाकीचो गाव जातलो. खरां काय खोटां?"

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. आणि मग सगळ्या मिळून, आयुष्यात पहिल्यांदा, म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

उजवी पाकळी टपकन पडली.

पुनाजी म्हातारा झाला. राहीचं लग्न झालं, तिच्या पहिल्या बाळंतपणात तो दारात काठी घेऊन बसून होता आणि खोलीच्या आसपास कुणाला फिरकू देत नव्हता. मग एका मार्गशीर्षात तो रात्री अंथरुणाला लागला आणि पहाटे गेला. त्या पहाटे देवाला ऊन पाणी घेऊन जायला कुणी नव्हतं.

भामा दार उघडून अंगणात आली, तर तुळशीपाशी काळा, गोल पाषाण बसला होता. अंगण नुकतंच सारवलेलं, पण ओढत आणल्याची खूण नाही, पाऊल नाही. देव स्वतःहून आला होता, असं म्हणतात. त्या पळणीपासून ज्यानं चकार शब्द काढला नाही, त्याच्या दारात देवच अबोला सोडायला आला. पण आला कधी, तर बोलणारा गेल्यावर.

भामा त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "आता इलंस. वरातीमागून घोडां." आणि आत गेली. आत तिनं पुनाजीसाठी पाणी तापत ठेवलं होतं, शेवटच्या आंघोळीचं. त्यातलंच एक तांब्याभर तिनं आणलं आणि देवावर ओतलं. सुतक होतं, सगळं होतं. तिला अडवायला कुणी पुढे झालं नाही.

देव आजही तिथेच आहे, गुरवाच्या अंगणात. जुनं देऊळ रिकामं पडलंय आणि त्यात आता भात साठवतात. थंडीच्या दिवसांत देवाला ऊन पाणी घालायचा मान गावच्या माहेरवाशिणींचा. बाळंतीण, विटाळशी, सोयर-सुतक काही बघत नाहीत. गावपळणीला निघताना देवाला पालखीत घालून सगळ्यांत आधी बाहेर नेतात आणि तीन रात्री उघड्या खोपीत, ओल्या जमिनीवर ठेवतात. आता चार गड्यांना तो उचलता येतो. त्याच्या अंगावर पांघरूण घालायचं नाही, असा दंडक आहे.

आणि कौल मागताना शिरसुंडेत पुरुष साथ देत नाहीत. गावकार गाऱ्हाणं घालतो, "पुनो गुरवाच्या नावान इचारतंय, गाव भायर काडू?" आणि हात जोडून बायकांकडे बघतो. त्या म्हणाल्या तरच गाव हलतो.

मागच्या खेपेला त्या म्हणाल्या नाहीत. विसाजीच्या वंशातल्याच सुनेला आदल्या दिवशी मुलगा झाला होता. रितीप्रमाणे तेवढं घर मागे राहू शकलं असतं, पण बाळंतिणीला एकटं टाकून जायला एकही बाई तयार नव्हती. गावकारानं पुन्हा पुन्हा विचारलं. तो त्या मुलाचा आजा होता, पण विचारायची रीत त्याला चुकत नव्हती. बायका ओठ मिटून उभ्या राहिल्या. पाकळ्यांना कुणी हात लावला नाही. थोड्या वेळानं गावकारानं डोळे पुसले, देवाला नमस्कार केला, आणि सगळे आपापल्या घरी चूल पेटवायला गेले.